तलावाच्या काठावर दगड शोधायला पहिल्यांदा जाताय? मग आधी हे वाचा

नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास एकच गोष्ट करतो. काठावर पोचला रे पोचला की समोर चमकणारा प्रत्येक ओला दगड उचलत सुटतो, तासाभरात पिशवी उचलवत नाही इतकी जड होते, आणि घरी आल्यावर दगड वाळले की सगळे एकजात राखाडी दिसायला लागतात आणि कुठला कुठून घेतला ते आठवतसुद्धा नाही. बऱ्याच जणांचा छंद तिथेच संपतो, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण या छंदाला पैसा फारसा लागत नाही, भूगर्भशास्त्राची पदवी तर अजिबात लागत नाही. फक्त कुठे बघायचं, कसं बघायचं आणि काय तिथेच सोडून यायचं एवढं कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी परवानगी बघा

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे पण पहिलं हेच करा. तलाव म्हणजे मोकळी जागा, कुणीही यावं आणि दगड न्यावेत असं आपल्याला वाटतं, पण प्रत्येक काठाचा कुणीतरी मालक असतो. कुठे वनखातं, कुठे धरण सांभाळणारी यंत्रणा, कुठे राष्ट्रीय उद्यान, कुठे खाजगी जमीन. आणि एकाच तलावाच्या दोन काठांवर दोन वेगळे नियम असू शकतात. अमेरिकेतल्या सुपिरियर सरोवराचं उदाहरण घ्या. तिथला, मिशिगन राज्यातला पिक्चर्ड रॉक्स नावाचा किनारा राष्ट्रीय उद्यानांच्या विभागाकडे आहे, तिथे एक खडासुद्धा उचलायला बंदी. आणि त्याच मिशिगन राज्यात, राज्य सरकारच्या ज्या जमिनीवर दगड घ्यायला मनाई नाही तिथे एका माणसाला वर्षाला २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलोपर्यंत दगड नेता येतात. म्हणून "आमच्या ओळखीचे लोक नेहमी आणतात" यावर विसंबू नका, त्या नेमक्या काठाचा नियम शोधा.

सोबत ठेवायचे कागद असे:

- ओळखपत्र
- खाजगी जागा असेल तर मालकाची लेखी परवानगी, मेसेज असला तरी चालेल पण तोंडी नको
- सरकारी जागा असेल तर नियमाच्या पानाचा किंवा परवान्याचा फोटो, तिथे रेंज नसते म्हणून आधीच सेव्ह करून ठेवा
- जागेची हद्द दाखवणारा नकाशा, ऑफलाइन

परवानगी असली तरी काही गोष्टींना हात लावायचा नाही. घडवलेली दगडी हत्यारं, खापरं, कोरीव दगड, हाडांचे जीवाश्म यातलं काही दिसलं तर जागेवरच फोटो काढा, लोकेशन टिपा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. अशी वस्तू जागेवरून हलली की तिच्याबद्दल कळू शकणारं निम्मं तिथेच संपतं, शिवाय खूप देशांत ती उचलणं हा सरळ गुन्हा आहे.

२. घरबसल्या तलावाचा अभ्यास

काठावरचा दगड तिथे आला कुठून, हा प्रश्न सुटला की अर्धं काम झालं. रस्ते ढोबळमानाने चार. एक म्हणजे काठाचाच खडक फुटून, दुसरा म्हणजे तलावात येणाऱ्या नदी-ओढ्यांनी वाहून आणून, तिसरा हिमनद्यांनी आणून टाकून (हे फक्त जिथे कधीकाळी हिमनद्या होत्या तिथे), आणि चौथा म्हणजे माणसाने. हा चौथा लोक कायम विसरतात. धरणाच्या बांधावर, रस्त्याकडेच्या भरावात, नौका लावायच्या धक्क्याजवळ जे दगड असतात ते कुठल्यातरी खाणीतून ट्रकने आलेले असतात, त्यात सुंदर स्फटिक सापडेलही पण त्याचा त्या तलावाशी काही संबंध नसतो. शिवाय तो भराव बांधाचं रक्षण करण्यासाठी रचलेला असतो, त्यातून दगड काढायचेच नाहीत.

बहुतेक देशांची सरकारी भूवैज्ञानिक संस्था आपले नकाशे ऑनलाइन बघायला देते. तुमच्या तलावाभोवती आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या वरच्या अंगाला कुठला खडक आहे एवढंच त्यात बघा. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा असेल तर वायूच्या बुडबुड्यांमुळे त्यात पोकळ्या राहिलेल्या असतात आणि नंतर त्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी, झिओलाइट अशी खनिजं भरतात, तेव्हा तिथे अकीक शोधायला अर्थ आहे. चुनखडी असेल तर जीवाश्म बघा. ग्रॅनाइट आणि रूपांतरित खडक असतील तर अभ्रक, फेल्डस्पार आणि कधीकधी लालबुंद गार्नेट.

सुपिरियरचे अकीक जगभर नावाजलेले आहेत. ते तिथल्या सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यात तयार झाले आणि पुढे हिमनद्यांनी ते खडक खरवडून दक्षिणेला लांबपर्यंत पसरवले. मिशिगन सरोवराच्या काठावर पेटोस्की नावाचे दगड मिळतात, षटकोनी जाळीची नक्षी असलेले, ते म्हणजे डेव्होनियन काळातल्या, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रातलं प्रवाळ. आज तिथे गोड्या पाण्याचं सरोवर आहे आणि काठावर समुद्री प्रवाळ मिळतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो होतो. नकाशा बघून गेलात तर असा दगड हातात आल्यावर आपण काय धरलंय ते तुम्हाला कळेल, नाहीतर "छान नक्षीचा दगड" एवढंच.

३. कधी जायचं

वादळ किंवा जोराचा वारा होऊन गेल्यावर, म्हणजे तो पूर्ण शांत झाल्यावर. लाटांनी काठ उलथापालथ केलेला असतो आणि नवे दगड वर आलेले असतात. जिथे तलाव गोठतो तिथे बर्फ वितळल्यानंतरचे दिवस चांगले, कारण बर्फाने दगड ढकलून काठावर आणलेले असतात. धरणाच्या जलाशयात पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, पावसाळ्याच्या तोंडावर वगैरे, एरवी बुडालेला काठ उघडा पडतो.

दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, आणि सूर्याकडे तोंड करून चाला. अकीक आणि गारगोटी अर्धपारदर्शक असतात, मागून आलेला प्रकाश त्यांच्यातून आरपार येतो आणि बाकीच्या मठ्ठ दगडांत तो एक दगड आतून पेटल्यासारखा दिसतो. सूर्य पाठीशी ठेवून चाललात तर हा सगळा फायदा जातो. भर दुपारी नुसती चकाकी आणि डोकेदुखी. रिमझिम पाऊस पडून गेलेला असेल तर मात्र दिवसभर मजा, कारण सगळेच दगड ओले आणि सगळ्यांचे रंग उघड.

४. सामान

- न घसरणारे, पुढून बंद असलेले बूट. चप्पल किंवा सँडल नकोच
- जाड कापडाची पिशवी, शक्यतो पाठीवरची, म्हणजे हात मोकळे राहतात
- पाण्याची छोटी स्प्रे बाटली, कोरडा दगड ओला करून बघायला
- १० पट मोठं दाखवणारं भिंग
- चुंबक, लोखंडी खिळा किंवा जुना चाकू
- छोटी टॉर्च
- झिपलॉक पिशव्या, न पुसला जाणारा मार्कर, वही आणि पेन्सिल (पेनची शाई ओलाव्याने पसरते)
- हातमोजे, टोपी, प्यायचं पाणी, प्रथमोपचाराचं सामान

हातोडी मुद्दामच लिहिली नाही. काठावरच्या दगडांचं काम लाटांनी आधीच केलेलं असतं, नवीन माणसाला हातोडीची गरज पडत नाही, आणि दगड फोडताना उडणारी कपची डोळ्यात गेली तर डोळा जाऊ शकतो. पुढे कधी परवानगी असलेल्या जागी वापरलीत तर भूवैज्ञानिकांचीच हातोडी घ्या आणि गॉगल लावल्याशिवाय घाव घालू नका.

५. काठावर नेमकं कुठे बघायचं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. काठावर दगड कसेही विखुरलेले वाटतात पण तसं नसतं, लाटा दगडांची निवड करत असतात. लाट जोरात वर येते तेव्हा लहानमोठे सगळेच दगड वर ढकलते, पण परत जाताना तिचा जोर कमी असतो, पाणी वाळूत मुरतं, त्यामुळे बारीक माल तेवढा खाली जातो आणि मोठा वर राहतो. म्हणून काठाला समांतर असे पट्टे दिसतात, एखादा वाळूचा, एखादा बारीक खड्यांचा, त्याच्या वर मोठ्या गोट्यांचा आणि सगळ्यात वर मागच्या मोठ्या वादळाने रचलेली ओळ. तुम्ही वाटाण्यापासून लिंबाएवढ्या खड्यांचा पट्टा पकडा. वाळूत काही दिसत नाही, मोठ्या धोंड्यांत फटी फार, मधला पट्टा सगळ्यात भरवशाचा.

पाण्यात पुढे घुसलेली टोकं बघा, तिथे लाटांचा मारा जास्त म्हणून माल धुतलेला आणि खडीचा असतो. आत वळलेल्या शांत खाडीसारख्या जागी चिखल साचतो, तिकडे वेळ घालवू नका. ओढा जिथे तलावाला मिळतो तिथे मात्र जरूर थांबा, वरच्या डोंगरातला माल तिथे उतरतो. मोठ्या धोंड्याच्या किंवा अडकलेल्या ओंडक्याच्या आडोशालाही खडे जमतात. वाळूत काळ्या रेघा दिसल्या तर चुंबक पिशवीत गुंडाळून फिरवा, मॅग्नेटाइट असेल तर कण लगेच चिकटतील आणि त्यात गुलाबी-लाल कण मागे राहिले तर भिंगातून बघा, गार्नेट असू शकतो.

आणि चालू नका, बसा. एक हातभर जागा ठरवा, ती नीट बघून झाली की पुढची. उभ्याने चालत गेलं तर नजर फक्त रंगीत आणि मोठं तेवढंच टिपते. जाताना मनाशी एकच प्रकार ठरवून जा, आज फक्त प्रकाश आरपार जाणारे, उद्या फक्त नक्षीवाले, परवा फक्त भोकं असलेले. सगळंच शोधायचं म्हटलं की काहीच दिसत नाही, आणि एकच शोधत बसलात की थोड्या वेळाने डोळा आपोआप तिकडे जायला लागतो. ही सवय लागायला जरा वेळ लागतो पण लागली की सुटत नाही.

६. दगड हातात आल्यावर

आधी वजन बघा. सारख्याच आकाराचे दोन दगड दोन हातांत धरा, बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा जड लागतो आणि प्युमिस, म्हणजे भोकाभोकांचा लाव्ह्याचा दगड, तर पाण्यावर तरंगतो. मग टॉर्च दगडाला टेकवून लावा. कड उजळली, मेणासारखी झाक दिसली आणि आत पट्टे असले तर अकीक असण्याची शक्यता चांगली.

मग कठीणपणा. १८१२ मध्ये फ्रेडरिक मोह्स यांनी १ ते १० अशी जी मोजपट्टी केली तीच आजही वापरतात. नख साधारण २.५, कॅल्साइट (चुनखडीतलं मुख्य खनिज) ३, चाकूचं पोलाद आणि काच ५.५ च्या आसपास, गारगोटी आणि अकीक ७. म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठला तर तो पांढरा दगड गारगोटी नाही, कॅल्साइट किंवा संगमरवर असेल. आणि दगडाने काचेवर ओरखडा पाडला तर गारगोटीच्या कुळातला असू शकतो. काच टेबलावर सपाट ठेवून करा, हातात धरून नाही. ओरखडा बोटाने पुसूनही बघा, पुष्कळदा ती दगडाचीच पूड काचेवर लागलेली असते आणि आपण फसतो.

चुनखडीची शंका असेल तर साध्या व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे आले तर कॅल्साइट आहे. चुनखडीसारखाच दिसणारा डोलोमाइट असेल तर आधी थोडी पूड खरवडावी लागते. आणखी एक सोपी चाचणी म्हणजे टाइलची मागची, न चकाकणारी बाजू, त्यावर दगड घासून रेघेचा रंग बघायचा. हेमॅटाइट बाहेरून काळा दिसला तरी रेघ लालसर तपकिरी येते, मॅग्नेटाइटची काळी. सोनेरी चमकणाऱ्या पायराइटची रेघ हिरवट काळी येते, खऱ्या सोन्याची पिवळी, त्यामुळे सोनं सापडलं म्हणून ओरडण्याआधी ही रेघ ओढा.

दगड चाटून रंग बघायची सवय काही जुन्या लोकांना असते. तुम्ही लावून घेऊ नका, काही खनिजांत शिसं, आर्सेनिक, पारा असतो आणि काठाच्या पाण्यात काय असतं ते वेगळंच. स्प्रे बाटली त्यासाठीच आहे.

फसवणारे दगड खालीलप्रमाणे:

- भट्टीतली मळी. निळी-हिरवी, काचेसारखी, आत बुडबुडे. जुन्या धातूच्या भट्ट्या जवळ असतील तर काठावर भरपूर मिळते, दिसते छान पण दगड नाही
- घासून गुळगुळीत झालेली बाटलीची काच आणि विटांचे तुकडे
- "उल्का". काळा, जड आणि चुंबकाला चिकटणारा दगड बहुतेक वेळा मॅग्नेटाइट किंवा मळीच निघतो. पृष्ठभागावर बुडबुड्यांची भोकं असतील तर उल्का नसण्याचीच शक्यता जास्त

अतिनील टॉर्चने रात्री दगड शोधायची टूम २०१७ पासून वाढली, सुपिरियरच्या काठावर सोडालाइट असलेले राखाडी दगड त्या प्रकाशात नारिंगी निखाऱ्यासारखे चमकताना सापडले तेव्हापासून. ३६५ नॅनोमीटरची टॉर्च लागते. करून बघण्यासारखं आहे, पण डोळ्यात तो प्रकाश जाऊ देऊ नका आणि रात्री पाण्याच्या कडेला एकट्याने जाऊ नका.

७. जीव सांभाळून

तलाव शांत दिसतो म्हणून लोक गाफील राहतात. शेवाळलेला दगड ओला असेल तर बूट कुठलाही असो, घसरतोच. जलाशयाचं पाणी उतरल्यावर उघडा पडलेला चिखल वरून भेगा पडून सुकलेला दिसतो पण खाली दलदल असते, माणूस गुडघ्यापर्यंत रुतू शकतो, म्हणून काठीने टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका. धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात उतरूच नका, पाणी कधी सोडतील सांगता येत नाही, आणि भोंगा वाजला तर पिशवी टाकून वर पळा. कड्याच्या पायथ्याशी ताजे पडलेले दगड दिसले म्हणजे वरून अजून पडणार आहेत. पाण्यावर हिरव्या रंगाचा तवंग असेल तर ते विषारी असू शकतं, हात घालू नका.

मोठा दगड उलटायचा असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली साप-विंचू असला तर त्याची वाट तुमच्या विरुद्ध बाजूला उघडते आणि दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये आडवा राहतो. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा, खाली किडे, अंडी, छोटे जीव राहतात. खडीत काही पक्षी घरटं न बांधता सरळ अंडी घालतात आणि ती हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. एखादा पक्षी सारखा ओरडत तुमच्या भोवती फिरायला लागला, पंख मोडल्याचं सोंग करायला लागला तर आलेल्या पावलांवरूनच मागे फिरा.

८. नोंद तिथल्या तिथे

माझ्या मते दगडाइतकीच, किंबहुना जास्तच, नोंद महत्त्वाची. कुठून आला ते माहीत नसलेला दगड शोभेचा असतो, आणि माहीत असलेला दगड नमुना होतो. उचलण्याआधी जागेवर फोटो, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून, म्हणजे आकार कळतो. झिपलॉकवर नंबर, वहीत तोच नंबर आणि पुढे तारीख, लोकेशन, कुठल्या पट्ट्यात मिळाला, आसपास कसले दगड होते. घरी गेल्यावर लिहू असं म्हणू नका, घरी गेल्यावर ते होत नाही.

निघण्याआधी जमलेला सगळा माल काठावर पसरा आणि वाळू द्या. कोरडे झाल्यावरही ज्यांच्याकडे बघावंसं वाटतं ते ठेवा, बाकीचे तिथेच सोडा. दहातले दोन-तीनच उरतात बहुधा. ओला दगड सुंदर दिसतो कारण पाणी त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरचे बारीक खड्डे भरून काढतं आणि प्रकाश विखुरत नाही, वाळला की ते जातं, त्यात दगडाचा दोष काही नाही, पण घरात तो कोरडाच राहणार आहे हे लक्षात ठेवून निवडा.

९. घरी आणल्यावर

चिकटलेला चिखल, शेवाळ, शिंपले तलावावरच ब्रशने काढून टाका आणि दगड पूर्ण वाळवूनच न्या. एका तलावातले जीव दुसऱ्यात गेले की काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे झेब्रा शिंपले, १९८० च्या दशकात ते जहाजांमधून उत्तर अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत पोचले आणि आता तिथून निघता निघत नाहीत.

घरी साधं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. ऍसिडने साफ करायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, कॅल्साइट आणि जीवाश्म त्यात विरघळून जातात. नक्षी कायम दिसावी असं वाटत असेल तर खनिज तेलाचा हलका हात चालतो, पण तो तात्पुरता.

पॉलिश करायला टंबलर मिळतो, म्हणजे दगड पिंपात घालून फिरवत गुळगुळीत करणारं यंत्र. सारख्या कठीणपणाचे दगडच एकत्र घाला नाहीतर मऊ दगड झिजून संपतात, पिंप साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरा, आणि जाड ते बारीक अशा प्रत्येक ग्रिटला (दगडांसोबत घालायची घासणारी पूड) जवळपास आठवडा द्या, दोन टप्प्यांच्या मधे दगड आणि पिंप अगदी स्वच्छ धुवा कारण जाड ग्रिटचा एक कण राहिला तरी पुढच्या पॉलिशवर ओरखडे येतात. धुतलेला गाळ मोरीत ओतू नका, तो पाइपात सिमेंटसारखा घट्ट बसतो, बादलीत निवळू द्या आणि कोरडा करून कचऱ्यात टाका. दगड कापणं किंवा घासणं कायम पाण्याखाली, कोरडं कधीच नाही, गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही.

ओळख पटत नसलेला दगड कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात किंवा संग्रहालयात दाखवता येतो, तिथली माणसं सहसा आनंदाने बघतात. जाताना कोरड्या आणि ओल्या अवस्थेतला फोटो, जागेची नोंद, आणि ओरखडा, रेघ, चुंबक, व्हिनेगर या चाचण्यांचं काय आलं ते लिहून न्या. "हे काय आहे" एवढंच विचारलं तर उत्तर मोघम मिळतं, आणि वही पुढे केली तर तेच लोक खुर्ची ओढून बसवून घेतात.